वाळूखालचा विस्तव

रविवार, ६ जुलै

प्रिय बाबा,

आधी जे घडलं ते ओळीने लिहिते, म्हणजे आपल्या दोघांची सुरुवात एकाच जागेवरून होईल.

१. जूनच्या जोडून आलेल्या सुट्टीत आपण दोघं नेहमीच्या किनाऱ्यावर तंबू टाकून मुक्कामाला होतो. शेजारच्या जागेत विलियामी, त्याची बायको सेला आणि त्यांची सहा वर्षांची मालिया होती.

२. शनिवारी दुपारी विलियामीने वाळूत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर, टोंगा बेटांवरच्या पद्धतीने जेवण शिजवलं. आपणही जेवलो.

३. संध्याकाळी आपण आपली शेकोटी पेटवली.

४. रविवारी सकाळी मालिया अनवाणी समुद्राकडे पळाली. तिच्या वाटेत सपाट दिसणाऱ्या वाळूखाली निखारे जिवंत होते. तिचे दोन्ही तळवे भाजले.

५. तू रेंजरला सांगितलंस की तो खड्डा विलियामीचा. विलियामीने ते मान्य केलं. त्याला दंड झाला.

६. आपल्या तंबूवाल्यांच्या क्लबच्या पत्रकात, तुझ्या पानावर, तू त्याच्याबद्दल लिहिलंस.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. बाकीचं फक्त मला माहीत आहे, आणि कदाचित तुला.

फोनच केला असता, पण फोनवर तू मला मधे शिरू देत नाहीस. मागच्या आठवड्यात मालियाबद्दल बोलायचं म्हणून लावला, आणि डिझेलचा भाव, जागा राखायची नवी वेबसाइट आणि उरलेल्या देशाची अवस्था ऐकून ठेवून दिला. "अगं टेग, पडद्यावर सगळं भरलेलं आणि जाऊन बघावं तर माळ रिकामा! चार-चार जागा अडवून ठेवतात आणि एकीवरही फिरकत नाहीत. आणि वर म्हणे यांचं निसर्गावर प्रेम!" वेबसाइटबद्दल मी तुझ्या बाजूची आहे. ती ज्याने बनवली तो कधी तंबूत झोपलेला नाही, हे पहिल्या पानावरच कळतं. तुझी बाकीची मतं मला पाठ आहेत. ज्याला खुंटी ठोकता येत नाही त्याला मंत्री करू नये. हवामान खात्याने एकदा खिडकीबाहेर बघावं. जनरेटर लावणाऱ्याने त्यालाच मिठी मारून झोपावं. ज्याला किनाऱ्यावर येऊन टीव्हीच बघायचा आहे त्याने घरी टबात पाय बुडवून बघावा. आपला गॅस जहाजात भरून परदेशी जातो आणि आपण आपल्याच शेगडीसाठी रांगेत उभे. क्लबातले लोक पत्रक मागून उघडतात, कारण तुझं पान शेवटचं असतं. आई म्हणते, लग्नाआधीही तू असाच बोलायचास, फक्त तेव्हा छापत कोणी नव्हतं.

लहानपणी मला त्या आवाजाची लाज वाटायची. हे तुला कधी सांगितलं नाही. मी दहा वर्षांची असेन. एक कुटुंब सामान गाडीत भरून निघालं होतं आणि त्या माणसाने शेकोटीवर फावड्याने वाळू ओढली. तू हातातला चहा खाली ठेवलास आणि सगळा किनारा ओलांडून गेलास. "काय मित्रा, विस्तव पुरून चाललास? कुणाच्या पोराच्या पायासाठी ठेवलास?" तो माणूस बायकोमुलांसमोर लाल झाला, गाडीतून बादली काढून समुद्राकडे गेला, आणि तू तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहिलास, त्याच्या तीन खेपा होईपर्यंत. मी बोटीच्या ट्रेलरखाली जाऊन बसले. तुझं बरोबर होतं. तुझं नेहमी बरोबर असायचं, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं असायचं.

आता कारखान्यांतल्या भट्ट्यांची आतली अस्तरं तपासणं हेच माझं काम आहे. वाळू उष्णता अडवते, म्हणून तर ती आम्ही वापरतो. निखाऱ्यावर टाकली की जाळ दिसेनासा होतो, धूर थांबतो आणि उष्णता आत कोंडून सकाळपर्यंत राहते. वर हात ठेवला तरी कळत नाही, भार पडून पाय आत गेला की कळतं. विद्यापीठात मला याचं गणित शिकवलं. गोष्ट तू शिकवली होतीस.

त्या शनिवारचं मला जेवढं आठवतं ते सगळं लिहिते. विलियामीने खड्डा उघडला तेव्हा सगळ्यात आधी थाळी घेऊन तू पोचलास. अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट बांधलेलं मटण तू दोनदा घेतलंस. सेला तुला म्हणाली, "डेसकाका, अजून एक पुडी घ्या, नाहीतर हा माणूस मला रात्री तीच खायला लावेल," आणि तू तिसरीही घेतलीस. जेवणं झाल्यावर विलियामीने दगड काढून बाजूला मांडले आणि खड्ड्यात समुद्राचं पाणी ओतलं. मालिया तिच्या खेळण्यातल्या बादलीने ओतत होती, निम्मं स्वतःच्या अंगावर. वाफ यायची थांबल्यावरही तो ओतत राहिला. मग आतली वाळू उलथून बघितली, पुन्हा पाणी ओतलं, आणि मगच खड्डा बुजवला. तू मला कोपराने ढोसलंस. "बघ टेग, याला म्हणतात विझवणं. नाहीतर आपल्या क्लबातले दीडशहाणे." हे तुझे शब्द आहेत. त्यांच्यामुळेच मला गेला महिनाभर नीट झोप नाही.

संध्याकाळी आपल्या शेकोटीजवळ तू रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होतास. पलीकडच्या कॅरव्हॅनवाल्यांनी जनरेटर सुरू केला, तसा तू उठलास. तोंडाने त्यांचा उद्धार चालू होता, आणि बोलता बोलता तू बुटाने आपल्या निखाऱ्यांवर वाळू लोटलीस. चारही बाजूंनी, व्यवस्थित. वरून पाय फिरवून सपाट केलीस. मग त्यांच्याशी बोलायला गेलास आणि परत येऊन झोपलास.

मी ताटल्या पुसत होते. मी पाहिलं.

समुद्र समोर होता, बादली माझ्या पायाशी होती. मी उठले नाही, कारण मला हसू आलं. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा चुकलास आणि ते मी पाहिलं, याची मला मजा वाटली. सकाळी चहाच्या वेळी तुझ्याच आवाजात विचारीन, काय मित्रा, कुणाच्या पोराच्या पायासाठी ठेवलास, असं मनाशी ठरवलं. वाक्य जुळवतच झोपले. विस्तव खाली धगधगत होता आणि मी तो विनोदासाठी राखून ठेवला.

तिची किंकाळी ऐकली तेव्हा मी ते वाक्यच मनात घोळवत होते.

तिला उचलून नळाखाली मीच नेलं. पाय वाहत्या पाण्यात धरून ठेवायचे, बर्फ लावायचा नाही, सोलवटलेल्या कातडीला हात लावायचा नाही, हे सगळं मी नीट केलं. सेला तिचं डोकं छातीशी धरून टोंगन भाषेत काहीतरी पुटपुटत होती आणि मालिया मला विचारत होती, "वाळूला राग का आला?" मागे विलियामी तुला म्हणाला, "माझा खड्डा तर थोडा वरच्या बाजूला होता ना?" आणि तू म्हणालास, "वाळूत सगळं सारखंच दिसतं मित्रा. मी कालपासून बघतोय, तुझाच आहे तो." त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग वाळूकडे. तुला तो किनारा त्याच्या वयाहून जास्त वर्षं ठाऊक आहे. तो खाली बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी माझ्याच पोरीला..."

ते इस्पितळाकडे निघाल्यावर मी माझं कामाचं उष्णतामापक आणून दोन्ही जागा तपासल्या. वरचा खड्डा गार आणि खालपर्यंत ओला होता. आपला अजून दीडशे अंशांच्या वर होता. रेंजर बाईंनी मला विचारलं, तुम्ही काही पाहिलंत का. मी म्हणाले, मी तेव्हा झोपले होते. मापक माझ्या खिशात होतं. तुझ्यासाठी गप्प बसले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तू आणि मी एकाच ठिकाणी पकडले गेलो असतो. तुझं नाव निघालं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता: मग पाणी का नाही ओतलंस?

त्यानंतर तुझं पान आलं. "बेटांवर विस्तव पुरून जेवण शिजवतात. इथे आम्ही तो विझवतो. पाहुण्याने घराची रीत शिकून घ्यावी." विलियामीचा जन्म ॲडलेडचा आहे, बाबा. त्या किनाऱ्यावर तो तुझ्याइतकाच पाहुणा आहे. लोकांनी तुझं कौतुक केलं, आणि दोघांनी तर मलाही फोन करून सांगितलं की कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं. मी थँक्यू म्हणाले. तिकडे इस्पितळात सेलाला वेगळं बसवून विचारलं, घरी मुलीकडे लक्ष कोण देतं. अशा वेळी सगळ्यांनाच विचारतात, पण ती अजून तेच सांगत बसते, कुणी न विचारता.

हे पत्र आज का लिहिलं ते सांगते. काल मी त्यांच्याकडे गेले होते. मालियाचे तळवे भरून येत आहेत, पण ती अंगणात उतरत नाही, बाप उचलून नेतो. विलियामीने मला एक कागद दिला. क्लबच्या पत्रकासाठी त्याने माफीनामा लिहिला आहे, सगळ्यांची आणि खास तुझी माफी मागणारा. "डेसकाकांच्या हातात पडायच्या आधी तू एकदा नजर टाक," म्हणाला, "तुझी भाषा चांगली आहे." मी पेन घेऊन त्यातली दोन वाक्यं नीट करून दिली. "माझ्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द तसेच ठेवले आणि कागद परत केला. सेलाने मला जाताना डबा भरून दिला आणि मी तो घेतला. शुक्रवारी अंक छापायला जातो. तो माफीनामा त्यात जाणार नाही, एवढं मी ठरवलं आहे. त्याच्या जागी काय जाईल ते मात्र तुझ्या उत्तरावर आहे, म्हणून एकच विचारते: त्या संध्याकाळी वाळू तू लोटलीस, हे तुला आठवतं का? आठवत असेल तर तुझ्या पानावर तू लिही, त्याखाली माझं मी लिहीन, आणि विलियामीकडे दोघं जाऊ. आठवत नसेल तर सगळं मीच लिहीन, आणि मग डॉक्टरांकडे जाऊ, मी, आई आणि तू. यातलं कुठलं उत्तर यावं असं मला वाटतं, ते मलाच ठरवता आलेलं नाही. पत्र तुझ्या दारातल्या टपालपेटीत टाकून जाते, आत येत नाही. गुरुवारी, दहा जुलैला, संध्याकाळपर्यंत लिहून कळव.

तुझीच,
टेगन