तलंगांचं खाणं आणि तुमच्या पेटीचा वास

चिकूवाडी, घोलवड, ता. डहाणू
२२ डिसेंबर २०१७

ती. भावेशभाऊ,

जतीनचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम असेल, वहिनी ठणठणीत असतील आणि विरारला निदान स्वेटर कपाटातून काढण्यापुरती थंडी पडली असेल, असं धरून चालतो. कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही. चिकूच्या पेटीवरून तुम्ही रागावलात, ते मी समजू शकतो. पण घरच्या ग्रुपवर सगळ्या नातेवाइकांसमोर 'जतीनरावांच्या पेटीत काहीतरी मेलंय' असं लिहायची गरज नव्हती. (मोठ्या आत्याने त्यावर लगेच अंगठा टाकला.) आठवडाभर पेटी उघडू नका, चिकू पेंढ्यात निवांत पिकू द्या, असं मी बजावलं होतं आणि तुम्ही ते पाळलंत, त्याबद्दल आभार. पण माझ्या वाडीच्या चिकूला आजवर आला तो सुवासच. तेव्हा तुमच्या बिल्डिंगच्या गटाराकडे एकदा कोणाला तरी बघायला सांगा, ही नम्र विनंती. हे पत्र मार्केटला माल नेणाऱ्या बाबल्याच्या टेम्पोतून पाठवतोय. सोबत भरपाईची नवी पेटी आहे.

आता मूळ विषय, म्हणजे कोंबड्या. (थांबा, खुराड्यात आवाज झाला. बघून येतो.)

काही नाही. उगाच ओरडल्या.

तर तुम्ही भाऊबीजेला आलात तेव्हा नूतनच्या तलंगा अंगणात फिरत होत्या. अंगाने भरलेल्या, पण अजून अंड्यावर न आलेल्या. जेवण झाल्यावर ओटीवर बसून तुम्ही म्हणालात की या फुकट पोसताय, थर्टीफर्स्टपर्यंत अंडं नाही आलं तर रस्सा करू, मी मित्रांना घेऊन येतो. माझं पोट भरलेलं, समोर बायकोचा भाऊ. मी हात पुढे करून शब्द देऊन बसलो. नूतन तेव्हा ताटं उचलत होती. तुमची बहीण कशी आहे, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. तुमची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "शब्द तुमचा, कोंबड्या माझ्या." तेव्हापासून ती माझ्याशी गोड बोलते, वेळेवर वाढते, आणि मला त्याची फार भीती वाटते.

खरं सांगू? लळा मलाही लागलाय. जूनच्या शेवटी पिल्लं आणली तेव्हा वीज गेली, उबेचा बल्ब विझला, की त्यांना लुंगीच्या ओच्यात घेऊन मीच बसायचो. त्यातली हिरकणी नावाची तांबडी अजून मी खुर्चीत बसलो की पायाशी येऊन बसते. (आत्ता नाही आली. कुठे गेली कोण जाणे. परत बघून येतो.) तिचा रस्सा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. पण शब्द मागे घेतला तर तुम्ही प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बाराव्याला तो विषय काढाल. म्हणजे उपाय एकच राहिला, अंडं.

त्यासाठी कोसबाडला कोंबडीपालनाच्या एका दिवसाच्या शिबिराला जाऊन आलो. तिथल्या मॅडमनी छान समजावून सांगितलं. तुरा लाल झाला की वाढीचं खाद्य हळूहळू कमी करून अंड्यावरचं सुरू करा, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या आपल्या आपण खातात, वरचा भात-दाणा बेताने, पाणी स्वच्छ, आणि धीर धरा. मी शेवटचं सोडून सगळं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी अंड्यावरच्या खाद्याचं पोतं आणून ओतलं. समुद्रावरून पिशवीभर शिंपल्या गोळा केल्या. (वाटेत भेटलेला प्रत्येक जण विचारत होता, कालवणापुरतं मिळालं का.) त्या नूतनच्या मसाल्याच्या खलबत्त्यात कुटल्या. त्या दिवशी बोंबलाचं कालवण दातांखाली करकरलं. नूतन शांतपणे जेवली, म्हणून मीही शांतपणे जेवलो. कोंबड्यांआधी आम्हीच अंड्यावर येणार, अशी लक्षणं होती.

शिवाय मी रोज मूठभर सुका जवळाही देत होतो, तोही चोरून. ज्याने शब्द दिला त्यानेच कोंबड्यांची मनधरणी करणं बरं दिसत नाही. एकदा सकाळी जवळा घेऊन पॅकिंगच्या पडवीमागे वळलो, तर नूतन पदराखाली काहीतरी धरून उभी. कोंबड्यांसाठी भाताचा काला आहे म्हणाली. तिच्यामागे आमच्या वाडीत कामाला येणारी गंजाडची नवशी, टोपलीत वारुळाचं अख्खं ढेकूळ घेऊन. तिघांनीही एकमेकांना सांगितलं की इकडे सहजच आलो होतो. नवशीने वर खात्री दिली, "शेट, वालवी खाल्ली का कोंबडी लगेच अंडा घालतं." वाळवी खाल्ली, जवळा खाल्ला, काला खाल्ला. हिरकणी आता चालताना डुलते. तुमच्या मित्रांची पहिली नजर तिच्यावरच जाईल, हे मला काल सुचलं आणि तेव्हापासून माझा एका जागी पाय ठरत नाही. म्हणजे रस्सा टळावा म्हणून मी इतके दिवस रस्साच पोसत होतो.

वाईट याचं वाटतं, की घरात कोंबड्या असून सकाळचं आम्लेट विकतच्या अंड्यांचं. नाक्यावरच्या दुकानदाराने हल्ली गावठी अंडी ठेवायला सुरुवात केली आहे, नूतन तिथून आणते. काय बलक, भाऊ, केशरी! परवा त्यातलं एक नेऊन मी हिरकणीसमोर धरलं, म्हटलं बघ बाई, लोकांच्या कोंबड्या काय करतात. तिने मान वाकडी करून अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेली.

इतकं लिहून थांबतो, कारण पुन्हा आवाज झाला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि तुमच्या मित्रांना काहीच नाही.

आपला,
जतीन

ता. क. टेम्पो आला. तुमची पेटी बांधायला पडवीत गेलो, पेंढा दाबायला हात घातला, तर आत गरम लागलं. अंडं! हिरकणी कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. खुराड्यात मी एवढी गादी घालून दिली आणि या बाया नव्या पेंढ्याच्या पेट्यांत जाऊन बसतात. भाऊ, तुमच्या पेटीत काय मेलं होतं, ते मला आत्ता कळलं. गटाराबद्दल लिहिलेलं खोडलेलं समजा.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे, की ती जुनी पेटी टाकली नसेल तर टाकू नका. नाक धरा, पेंढा उलटा करा, टरफलं मिळतील. त्यांचा फोटो ग्रुपवर टाका. इथून मी एक अंडं दाखवलं तर दुकानातलं आहे म्हणाल. तुमच्या घरात निघालेल्याला तुम्हीच साक्षीदार. मग मी शब्दातून सुटलो. थर्टीफर्स्टला येताना ब्रॉयलर तिकडूनच आणा. नूतनला अजून सांगितलेलं नाही. फोटो आला की एकदम दाखवीन. मला तिचा चेहरा बघायचा आहे.

दादा, हे चिकटपट्टी शोधायला गेलेत तोवर लिहिते. कोंबड्या केव्हाच्या अंड्यावर आल्यात. पहिली अंडी माहेरी जावीत म्हणून मीच तुझ्या पेटीत पेंढ्यात गुंडाळून ठेवली होती आणि 'आजच उघड' असा मेसेज केला होता. माझा मेसेज तू वाचला नाहीस, यांचं मात्र ऐकलंस. पदराखाली काला नव्हता. दुकानातून या महिन्यात एकही अंडं आणलेलं नाही. शब्द देता-घेताना तुम्ही दोघांनी मला विचारलं नाही, म्हणून मी तुम्हा दोघांना सांगितलं नाही. पण पिल्लांना ओच्यात घेऊन बसायचे, ते खरं आहे. तेव्हा फोटो टाक. यांना माझा चेहरा बघायचाय, तर तेवढा मी करून दाखवीन. थर्टीफर्स्टला सगळे या, अंडाकरी करते. आणि ही पेटी तरी आजच उघड.

नूतन