रांगोळीचं स्वयंपाकघर

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६, भवानीनगर

घर नव्यानं करायला दादाला बारामतीची इंटिरियर डिझायनर हवी. आईचं एकच, "माझा ओटा कुठं ते ती ठरवणार व्हय?"

आज ती बाई आली. आईकडूनच रांगोळी मागून घेतली नि पडवीत रेघा ओढून अख्खं स्वयंपाकघर काढलं, दारासकट! एवढा गावोगाव हिंडलो, पण असलं कुठं बघितलं न्हाय. आई चहा घेऊन आली ती बरोबर त्या दारातून. रांगोळी तुडवू नये म्हणून? का तिलाही भिंत दिसली?

कप ठेवून म्हणाली, "पोरी, खिडकी रस्त्याकडं काढ. आमचा हा भटक्या कधी उगवतो ते दिसंल."

दादा हसला. ठरलंच की मग.

संध्याकाळी आईनं पडवी झाडली, रांगोळी तेवढी सोडून.