पाचवा हॉर्न

२ मार्च

अर्धं डोकं भादरलं. उजव्या कानामागचं. नर्सने आरसा धरला आणि हसली. मीही हसले. मग तिने पाटीवर लिहिलं - 'उद्या सकाळी सात. आता पाणीसुद्धा नाही.'

धाकटी बाजूच्या खुर्चीतून वहीत डोकावते आहे. डोकाव, बाई. बहीण झालीस म्हणून काय झालं, रोजनिशी माझी आहे!

३ मार्च

झालं.

५ मार्च

नियमांचा कागद दिला आहे. वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. केस ओले करायचे नाहीत.

कातडीखाली, हाडात खाच पाडून एक चकती बसवली आहे. तिची तार आतल्या कानात गेली आहे. बाहेरचं यंत्र महिन्याने. तोपर्यंत या कानाला काही म्हणजे काही नाही. आधी निदान दार आपटलेलं कळायचं, आता तेही गेलं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. तक्रार नाही.

धाकटीच्या तिसऱ्या मजल्यावर मुक्काम. चक्कर येते. बावीस वर्षं बोटीवर राहिले, कधी डोकं फिरलं नाही. इथे पक्क्या फरशीवर भिंत धरून चालते आहे!

६ मार्च

नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर दोघींपैकी कुणी शब्द फिरवायला नको.

डावा कान सात वर्षांपूर्वी गेला. उजवा तीन वर्षांपूर्वी. माझं काम बोटीने सामान पोचवायचं - गॅसच्या टाक्या, पीठ, औषधं, कुणाचं पार्सल. धक्क्यावरच्या बोटींना आणि वरच्या अंगाला नदीकाठच्या घरांना. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी परवाना काढून घेतला. तेव्हापासून माझी बोट शेजारच्या बोटीवरचा मिस्त्री चालवतो आणि मी पुढे बसते. माझ्याच बोटीवर मी सामान.

कानात यंत्र बसवलेल्यांना परीक्षा देता येते. आपल्याच बोटीवर. इंजिन चालू, नदीकडे पाठ. वळणापलीकडून परवाना ऑफिसची बोट पाच हॉर्न देणार, वाटेल तेव्हा. पाचातले चार पकडायचे. उगाच हात वर केला तर एक चूक धरणार. तारीख २० मे.

पास झाले तर बोट माझी. नापास झाले तर बोट विकायची आणि तिसऱ्या मजल्यावर यायचं. धाकटीने खाली सही केली. मीही केली.

१२ मार्च

टाके काढले. मास्तरीण भेटायला आली - धक्क्यावरची तिसरी बोट तिची, निवृत्त झाली तरी शाळा सुटलेली नाही. माझं सामान ती आणि मिस्त्री मिळून पोचवत आहेत. मिस्त्री सुकाणू धरतो, ही गिऱ्हाइकांना शिस्त लावते. वहीवर लिहिलं - 'टाकी रिकामी झाल्यावर सांगायचं नसतं, व्हायच्या आधी सांगायचं असतं, असं तिघांना बजावून आले.'

गेली माझी गिऱ्हाइकं.

१७ मार्च

धक्क्यावर परत आले. धाकटी तोंड फुगवून टॅक्सीत बसून राहिली. मिस्त्रीने फळीवरून हात धरून आणलं, मास्तरणीने मागून धरलं. मिरवणूकच. बोटीवर पाय ठेवला आणि चक्कर थांबली. डॉक्टरांना सांगायला हवं.

केबिन झाडलेली. इंजिन रोज अर्धा तास चालवत होते म्हणे. शेगडीवर भात. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तरी मला काय कळणार होतं!

मिस्त्रीने दोरी तपासली. त्याच्या केबिनमधून माझ्या खिडकीतून येते आणि माझ्या बाकाच्या पायाला बांधलेली आहे. मी ठार बहिरी झाले त्या आठवड्यात त्यानेच बांधली. एक झटका - हॉर्न वाजला, मोठी बोट येते आहे, लाटा येतील, शेगडीवरचं भांडं धर. दोन झटके - कुणी आलंय. तीन - हातातलं टाकून बाहेर ये. तीन फक्त एकदाच आले, मास्तरणीच्या बोटीला आग लागली तेव्हा.

तीन वर्षं माझा कान त्या बाकाच्या पायात आहे.

२९ मार्च

काही नाही.

३ एप्रिल

यंत्र लावलं. कानामागे आकडा, आणि तारेने जोडलेली छोटी टिकली डोक्याला लोहचुंबकाने चिकटते. यंत्रवाल्या बाईने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. टिक टिक टिक. मग ती बोलली.

डब्यात कोंडलेली बदकं!

धाकटी बोलली - तीच बदकं. खुर्ची सरकली - बदकं. मला रडू येईल अशी सगळ्यांची तयारी होती, धाकटीने रुमाल काढून ठेवला होता. मला रडू आलं नाही. वाटलं, एवढ्यासाठी डोकं फोडून घेतलं? तसं म्हटलं नाही. यंत्रवाली बाई पाटीवर लिहून म्हणाली, मेंदूला शिकायला वेळ लागतो, सराव करा, रोज.

४ एप्रिल

मिस्त्रीने यंत्राला मासे धरायची तंगूस बांधली, तिचं दुसरं टोक माझ्या कॉलरला पिनेने. बोटीवर पाण्यात पडू शकेल अशा प्रत्येक वस्तूला दोरी असते. चष्म्याला आहे, किल्लीला आहे, आता कानाला.

९ एप्रिल

मास्तरणीचा वर्ग. सकाळी आठ ते नऊ. तोंडासमोर वर्तमानपत्र धरते आणि शब्द म्हणते. मी ओळखायचे. आज वीसपैकी दोन. एक तर अंदाजपंचे. वर्तमानपत्र खाली घेऊन तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता अंगठे धरायला लावते.

पण इंजिन चालू केलं की संपलं. इंजिन, पाणी, पक्षी, हॉर्न - सगळ्याचा एकच खरखराट. हॉर्न त्यातून उचलायचा कसा? भीती वाटते. लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

१८ एप्रिल

रोज दुपारी मिस्त्री छोट्या होडीतून वळणापलीकडे जातो आणि हॉर्न देतो. मी इंजिन चालू करून बाकावर, नदीकडे पाठ. मास्तरीण समोर पाटी घेऊन. बाकीचे धक्केवाले दुपारची झोप गमावून बसले आहेत. चौथ्या बोटीवरच्या न्हाव्याने विचारलं, 'ही कधी पास होणार एकदाची?' हे मी यंत्रातून ऐकलं, त्याचे ओठ न बघता! मास्तरणीने पाटीवर बरोबरची खूण केली.

हॉर्न : पाचातला एक.

२ मे

आज धक्क्यावर मिस्त्री माझ्या शेजारी उभा, हातात चहा. लांबून एक मालवाहू बोट आली. त्याचा मोकळा हात आपोआप वर गेला आणि दोरी ओढल्यासारखा हवेतच खाली आला. दोरी तिकडे, हा इकडे! मी हसले. तो ओशाळला. म्हणाला, "तीन वर्षांची खोड आहे, कप्तान. हॉर्न वाजला की हात जातोच. झोपेतसुद्धा."

हॉर्न : तीन.

११ मे

मास्तरणीचे शब्द वीसपैकी तेरा. हॉर्न तीन. पुढे सरकत नाही.

धाकटी येऊन गेली. खाऊ आणला, केबिनभर बोट फिरवून धूळ दाखवली. जाताना म्हणाली, "तुझ्यासाठी खिडकीकडची खोली ठेवलीये." तिचं काही चुकत नाही. एकटी बाई, ठार बहिरी, पाण्यावर. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण त्या घरात सकाळी उठून करायचं काय?

१९ मे

हॉर्न : तीन. उद्या.

२० मे

पास.

२१ मे

काल लिहवेना. आज लिहिते.

परवाना ऑफिसचे साहेब दहाला आले. समोर स्टुलावर बसले, मांडीवर कागद. मी बाकावर. इंजिन चालू. मास्तरणीला धक्क्यावर उभं केलं, हालचाल करायची नाही म्हणून. मिस्त्री माझ्या पाठीमागे, त्याच्या बोटीवर.

पहिला पकडला. दुसरा पकडला. मग बराच वेळ खरखराट. तिसरा कधी येऊन गेला कळलंच नाही, साहेबांचं पेन हललं तेव्हा समजलं. चौथा पकडला, स्पष्ट. मग पुन्हा काही नाही.  हे सगळं पाचव्यावर आलं होतं.

बाकाला झटका बसला. एक. कमरेपर्यंत जाणवला. हात वर गेला - मी केला असं म्हणता येणार नाही, गेला. साहेबांनी खूण केली आणि हात मिळवायला उठले. मास्तरीण धक्क्यावर नाचली. खोटं नाही, नाचली.

आवाज नव्हता तो. मला झटका माहीत आहे. तीन वर्षं ओळखते त्याला.

२३ मे

मिस्त्रीची चूक म्हणता येत नाही. हॉर्न वाजला, हात गेला. ठरवून करणाऱ्यातला तो नाही. तरी राग येतोय. महिनाभर उन्हात होडी वल्हवलीस आणि शेवटच्या घटकेला सगळं पाण्यात! त्याच्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, दोरीही त्याच्याआड.

त्या दिवसापासून दोरीही एकदा हललेली नाही. त्यालाही कळलं असणार. लाज वाटत असेल.

२५ मे

सगळे विचारतात, बोट का काढत नाहीस? पाठ दुखते म्हटलं. परवाना ट्रंकेत आहे. नवा कोरा, माझा फोटो, अर्ध्या डोक्यावर बोटभर केस.

मिस्त्री फळीवर समोर आला. मी वळून आत गेले.

वळणावरून समोरून मोठी बोट आली आणि मला कळलंच नाही तर? माझं जाऊ दे. तिच्यावर माणसं असतात.

२७ मे

धाकटीला सांगितलं. सगळं, परवाना परत करायचं पत्र लिहिणार आहे हेही. वाटलं, खूश होईल, खोली झाडायला घेईल. उलट तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मग म्हणाली, "ताई, नको लिहूस ते पत्र. कुणाला कळणार आहे?"

तिला माझी गरज होती असं मी इतके दिवस धरून चालले होते. तिला मी हवी होते, पण अशी नको होते. गळ्यात पडून रडलो दोघी. मग तिने केबिनचं सिंक घासलं.

२९ मे

पत्र दिलं. चारच ओळी. 'परीक्षेच्या वेळी बाकाला एक दोरी बांधलेली होती. तिचा झटका जाणवला म्हणून मी हात वर केला. पाचवा हॉर्न मला ऐकू आला नाही. परवाना परत करते आहे.' मिस्त्रीचं नाव घातलं नाही.

कारकुनाने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब सोमवारी येणार.

बरं वाटलं. मग अजिबात बरं वाटेना. न्हाव्याला विचारलं, बोट घेणारं कुणी आहे का. त्याने कात्री खाली ठेवली.

३१ मे, रविवार

मिस्त्री दारातच उभा राहिला. म्हणाला, "बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण आंघोळीला, झोपायला ते यंत्र काढतेसच ना? दोरी परत बांधू का?"

परत म्हणजे?

"परीक्षेच्या दिवशी पहाटेच सोडली होती की. माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून."

पडदा सारला. दोरी ओढली. पाण्यातून दुसरं टोक हातात आलं. अकरा दिवसांचं शेवाळ. म्हणजे तो झटका दोरीचा नव्हता, हॉर्नच होता.

उद्या आठला ऑफिस उघडतं. साहेबांच्या आधी पोचून पत्र परत मागायला हवं. त्यात खोटं लिहिलंय.