वृकोदराबद्दल मागितलेला शब्द

नॉर्थडेल, पीटरमारित्झबर्ग
मार्चचा शेवटचा रविवार

प्रिय निर्वा,

तुझा निरोप येऊन नऊ दिवस झाले. त्यानंतर तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी धाकट्याच्या सर्दीची इतकी सविस्तर चौकशी केली की तुला मूळ विषयाला हात घालता आला नाही. पपांना हल्ली ऐकू कमी येतं, असं तू क्रिसनला म्हणाली असशील. ऐकू उत्तम येतं. तुझं म्हणणं एवढंच होतं, की गुड फ्रायडेच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन आम्ही चार दिवस येतो, फक्त वृकोदर काही करणार नाही असा तुम्ही एकदा स्वच्छ शब्द द्या. माझ्या वडिलांनी शब्द दिलाय म्हटल्यावर क्रिसन पुढे काही बोलणार नाही. म्हणजे हो किंवा नाही, एवढं उत्तर हवं. संस्कृतात पदवी घेतलेल्या माणसाकडे एका अक्षराचं उत्तर मागणं म्हणजे मिठाईवाल्याच्या दुकानात जाऊन साखरेचा एक दाणा मागण्यासारखं आहे. तेव्हा बैस जरा निवांत. हे पत्र मंगळवारी जोहान्सबर्गला निघणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मध्येच म्हणतेस, 'जाऊ द्या हो पपा', आणि मी जाऊ देतो.

इकडे सगळं ठीक. परसातल्या पेरूला यंदा इतके पेरू लागले की माकडांनासुद्धा वीट आला. मी आठवड्यातून दोनदा घेवड्याची आमटी करतो, चारदा तीच गरम करतो आणि सातव्या दिवशी उपास. शाळेतून यंदा डिसेंबरात निवृत्त होईन. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, सर, निरोपसमारंभाचं जेवण तुमच्याच घरी ठेवू, आवार मोठं आहे. मग त्यांना आवारातलं काय ते आठवलं आणि आपण शाळेच्या हॉलमध्येच बरे, असं ठरलं. कोणाला दोष देत नाही. गॅसवाला रस्त्यावरूनच हाक मारतो. पंडितजींनी तुझ्या मा-च्या वर्षश्राद्धाची कथा गेल्या खेपेला फोनवरून सांगितली. शंख त्यांनी तिकडे वाजवला, मी इकडे आरती ओवाळली. शुक्रवारची भजनं रामलखनच्या घरी गेली त्याला आता चार वर्षं झाली.

चोरी झाली त्या हिवाळ्यात मा-ला झोप लागेना, म्हणून मीच ग्रेटाऊनच्या एका शेतावरून हे बोअरबूल जातीच्या राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. पंजे बशीएवढे. वृकोदर हे नाव ऐकून तू हसलीस आणि म्हणालीस, पपा, हाक मारेपर्यंत चोर घर धुऊन नेईल. शेजाऱ्यांनी त्याचं दोन दिवसांत 'रोको' करून टाकलं. पण मा-ला झोप लागू लागली, हे तुला आठवतं. ती त्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं पोळी घालायची आणि तो ती इतक्या हलकेच घ्यायचा की बोटांना ओल तेवढी लागायची. ती गेल्यावर तेरा दिवस तो तिच्या खोलीच्या दारात पडून होता. तेरा का, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता तो माझ्याहून चार किलो जड आहे, आणि दिवसभरात माझं सगळ्यात जास्त बोलणं त्याच्याशीच होतं. तो स्थितप्रज्ञासारखा ऐकतो. व्याकरणाच्या चुका काढत नाही, हे विशेष.

आपल्याकडे अशा कुत्र्यांच्या घरांत नवा माणूस कसा आणतात, ते तुला नव्यानं सांगायला नको. घरमालकानं स्वतः गेटपर्यंत जायचं, पाहुण्याचा हात आपल्या हातात धरायचा, दोन्ही हात कुत्र्याला एकत्र हुंगू द्यायचे, मग तसाच हात धरून पायरी चढवायची. तीन दिवस असं केलं की माणूस घरचा झाला. मी त्याला गेटवरचं उपनयन म्हणायचो. तुझ्या तेजलचं तर मी साग्रसंगीत केलं होतं. दोन वर्षांची पोर, तिच्या नानांचं, म्हणजे माझं, एक बोट तिच्या मुठीत, आणि समोर तिच्या डोक्याएवढं त्याचं नाक. तू फोटो काढत होतीस आणि क्रिसन गाडीत बसून होता. तू त्याला म्हणालीस, 'अरे, पपा बघ किती जपून करतात.' जावईबापू खिडकीची काच न उतरवता म्हणाले, 'बघतोय. इथूनच बघतोय.' मी त्यावर तीन दिवस विनोद केले. हात धरून आणलेल्या माणसाला आपला कुत्रा काही करत नाही, हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं पाणिनीतलंही काही ठाऊक नसेल.

परवा भिंतीपलीकडच्या थोकोझिलेला सांगितलं की निर्वा मुलांना घेऊन येणार म्हणतेय. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, 'टीचर, माझा नातू आला की मी त्याला तुमच्या भिंतीच्या बाजूच्या खोलीत झोपवत नाही. आणि मध्ये भिंत आहे.' मी म्हटलं, पण त्याच्यासाठी मी मागे जाळीची खोली बांधलीय, चांगली सात फूट उंच, कडी आहे. ती म्हणाली, 'कडी कोण काढणार नाही? तुम्ही?' आणि बादली उचलून आत गेली.

तिचं बरोबर आहे. मी स्वतःला ओळखतो. पहिला दिवस तो जाळीत राहील आणि रडेल; तो रडतो तेव्हा म्हाताऱ्या माणसासारखा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे जेवून सुस्तावलेले असाल, तेजल आत खेळत असेल, आणि मला वाटेल पाचच मिनिटं सोडू. तुला दाखवायलाच सोडीन, की बघ, गेल्या वर्षी जानेवारीत तुम्ही दोघांनी मिळून ज्याच्यावर बहिष्कार टाकलात तो किती सज्जन आहे.

त्या जानेवारीबद्दल लिहायलाच हवं. कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी कुत्र्यानं घरातल्याच लहान मुलाला मारलं, ती बातमी क्रिसननं वाचली आणि तू मला फोन करून सांगितलंस की कुत्रा आहे तोवर आम्ही तेजलला तिकडे आणणार नाही. तू रडत होतीस. मी तुला काय लिहून पाठवलं ते तू विसरली असशील तर बरं, पण मला पाठ आहे. मी लिहिलं, एका कुत्र्याच्या पापासाठी जातीला फासावर देणं तुम्हाला शोभतं का. मी लिहिलं, तुझी मा असती तर. आणि शेवटी लिहिलं, की मुलगी कुत्र्यांना घाबरते असं म्हणतेस, तर ती भीती तिला तूच पाजलीस. त्यावर तुझं उत्तर आलं नाही. चौदा महिने मी अन्याय झालेल्या माणसाच्या थाटात राहिलो. त्या थाटात एक सोय असते, घर रिकामं का आहे ते स्वतःला विचारावं लागत नाही.

निर्वा, त्याच्या आधीच्या जुलैत, तेजलच्या उपनयनाला पाच दिवस झाले होते तेव्हा, तू आणि क्रिसन वेरुलमला लग्नाला गेला होतात. दुपारचे दोन वाजले असतील. मी त्याला बोकडाच्या मुंडीचं हाड दिलं होतं आणि तो पेरूखाली ते धरून पडला होता. तेजल हातात पोळीचा तुकडा घेऊन त्याच्याजवळ गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. आत नव्हतो, फोनवर नव्हतो, डुलकी लागली नव्हती. मी बघत होतो. दारापासून पेरूपर्यंत चार पावलं आहेत, नंतर मी ती कितीदा तरी चालून पाहिली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो चावायचा थांबला आणि निश्चल झाला. अगदी दगड. आणि मी, मला वाटलं, किती समजूतदार आहे, हलतसुद्धा नाही. फोटो काढावा म्हणून मी खिशात हात घातला.

तो गुरगुरला नाही. त्यानं मान वळवली आणि तेजलचा कान आणि मानेची ती बाजू त्याच्या जबड्यात होती. आवाज झालाच नाही. मी त्याचं पूर्ण नाव उच्चारलं, चारही अक्षरं, नीट. त्यानं तोंड उघडलं, तिला सोडलं आणि पुन्हा हाडाकडे वळला, जणू मी त्याला वेळ विचारली होती. ती पडली तशी बसून राहिली, आणि बऱ्याच वेळानं रडली.

मी तिला उचलून थोकोझिलेकडे नेलं. ती सुट्टीवर होती, पण आपल्या दवाखान्याची सिस्टर तीच. तिनं गाडी काढली, जखम धुतली, डॉक्टरांनी कानामागे चार टाके घातले. नोंद करताना तिनं विचारलं, काय लागलं. मी म्हटलं, गेट. तिनं 'गेट' असं लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, 'टीचर, गेटला रेबीजची लस दिलेली आहे ना?' मी म्हटलं, दिली आहे, गेल्या ऑगस्टमध्ये. तिनं तेही लिहून घेतलं. गाडीत बसताना म्हणाली, 'तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं. खरं काय ते तिच्या आईला तुम्ही सांगा.' तेव्हापासून भिंतीशी भेटली की आधी तेच विचारते, सांगितलं का. नंतर हवापाणी.

तुम्ही संध्याकाळी आलात. मी पायरीवरच सांगितलं, धावताना गेटच्या कडीवर आपटली, चार टाके पडले, माझंच लक्ष नव्हतं. तू मलाच धीर दिलास. म्हणालीस, पपा, मुलं पडतातच, तुम्ही किती घाबरला असाल. क्रिसननं माझ्यासाठी चहा केला. तेजलला तेव्हा धड बोलता येत नव्हतं, ती कानाला हात लावून नुसतं 'भूभू, भूभू' करत राहिली. तुला वाटलं तिला कुत्रा हवाय. तू तिला कडेवर घेतलंस आणि त्याला शुभरात्री म्हणायला पेरूखाली घेऊन गेलीस. ती तुझ्या खांद्यात तोंड खुपसून ताठ झाली होती. मी पायरीवरून बघत होतो, आणि मी काही बोललो नाही. तो काही करणार नाही असं मला खरंच वाटत होतं का, हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता उत्तराला अर्थ उरलेला नाही.

नंतर मी त्याच्या बाजूनं पुष्कळ युक्तिवाद रचले. हाडाजवळ गेली म्हणून. नुसतं धरलं, फाडलं नाही. एका हाकेत सोडलं. त्याच्या मनात असतं तर. हे शेवटचं वाक्य मी कधी पुरं करत नसे. त्याच्या मनात काय असतं ते मला आठ वर्षांत कळलेलं नाही, निर्वा, आणि त्या जबड्यातून तिचा कान सुटला तो माझ्या शिकवणीमुळे की त्याला हाडाची आठवण आली म्हणून, तेही नाही. तो वाईट नाही. पण तो वाईट नसतानाच हे झालं.

तेव्हा उत्तर असं, की मी शब्द देत नाही. गुड फ्रायडेला मुलांना इथे आणू नकोस, जाळी असो वा नसो. वृकोदराचं काय करायचं ते मी ठरवीन, तो भार तुझ्यावर टाकणार नाही. 'तुझ्यासाठी मी त्याला' असं वाक्य तुला माझ्याकडून कधी ऐकावं लागणार नाही. क्रिसनला हे पत्र वाचायला दे. तो गाडीत बसून बघत होता ते बरोबर बघत होता, आणि ते मी त्याला तोंडानंही सांगेन, त्यानं ऐकून घेतलं तर. तू आता रागावशील. किती दिवस, ते मी विचारणार नाही.

हे सगळं मी कदाचित आणखी वर्षभर लिहिलं नसतं. 'येऊ नका, मला बरं नाही' एवढं म्हणून वेळ मारून नेली असती. तशी उत्तरं मला सुचतात. पण तुझ्या निरोपात शब्दाच्या मागणीखाली आणखी एक ओळ होती, तू सहज लिहिलेली. तेजल हल्ली गोष्टी रचते, नानांच्या कुत्र्यानं माझा कान तोंडात घेतला म्हणते, मी तिला चांगलं दटावलंय, रोज झोपताना तिच्याकडून म्हणवून घेते की वृकोदर चांगला आहे आणि मी खोटं बोलणार नाही. नऊ दिवस झाले, म्हणजे नऊ वेळा तिनं ते म्हटलं असेल, आणि त्याआधी किती ते मला माहीत नाही. म्हणून हे पत्र. ते वाचून झालं की मला फोन करू नकोस, आधी तिच्याकडे जा. तिला जवळ घे, केस बाजूला करून कानामागचा तो व्रण बघ, आणि तिला सांग, की तुला आठवतं ते खरं आहे. खोटं नाना बोलले.

तुझाच,
पपा