पोटरीचं माप

आबा, माझ्या पोटरीचं तुम्ही घेतलेलं माप बरोबर होतं. चुकलं ते त्याचा अर्थ लावण्यात, आणि ती चूक गेवराईतल्या कुठल्याही शिंप्याकडून झाली असती. हे तुम्हाला समोर बसवून सांगावं असं फार वाटतं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली.

मी पदवीची परीक्षा पास झाले. आपल्या घरात चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे आईने आळीत गूळ वाटला तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हंजी आता कचेरीत बसनार व्हय?" कचेरीत नाही, मी हैदराबादेत एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते. आखडलेल्या पायांची माणसं त्यांच्याकडे येतात. त्यांना बाकावर बसवायचं, पाऊल बिजागरीच्या फळीला बांधायचं, फळी थोडी थोडी वर उचलायची आणि दर टप्प्याला पोटरीभोवती टेप गुंडाळून माप लिहायचं, हे माझं काम. चवडा खाली असतो तेव्हा पोटरीचं मांस गुडघ्याखाली गोळा होऊन फुगीर दिसतं. चवडा वर येऊ लागला की ते ताणलं जातं, फुगीरपणा चपटा होत खाली पसरतो, आणि टेप एकदोन सूत, फार तर पाव इंच, कमी भरते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एका म्हातारीची पोटरी माझ्या हातात होती. माझ्या तोंडून निघालं, "हिचा पाय वाळतोय." डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी एक उंच हंडा परातीत ठेवून काठोकाठ भरवला, म्हातारीच्या गुडघ्याखाली शाईने रेघ ओढली आणि त्या रेघेपर्यंत पाय बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. एकदा चवडा खाली करून, एकदा वर करून. दोन्ही वेळा पाणी सारखंच सांडलं. "गोश्त कईं नइं गया, बेटी," त्या म्हणाल्या. "लंबा हुआ, इसलिए पतला लगता." मी परातीतल्या पाण्याकडे बघत राहिले आणि मला आपलं दुकान दिसायला लागलं.

मी आठ वर्षांची आहे. तापातून उठल्यापासून माझी डावी टाच जमिनीला लागत नाही. टाचेखाली तुमची दोन बोटं सहज जातात. तालमीतले म्हातारे वस्ताद सांगून गेले आहेत, की रोज कोमट तेल चोळा आणि चवडा गुडघ्याकडे रेटा, पोरगी रडली तरी सोडू नका. म्हणून दुकान उघडायच्या आधी शिलाईच्या पाटावर मला निजवून तुम्ही पाऊल रेटता आणि मी ओरडू नये म्हणून गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांची वर्णनं करता. कचेरीतल्या साहेबलोकांचे तंग पायजमे तुमच्याकडेच शिवायला यायचे, त्यामुळे सगळ्या पोटऱ्या तुम्हाला पाठ. "पेशकारसायबाच्या पोटऱ्या म्हंजी दोन दुधी भोपळे. अन् त्यो नवा कारकून? त्याला पोटरीच न्हाई. पायजमा काठीला घालावा तसा घालतो." मी रडता रडता हसते, आणि तेवढ्यात तुम्ही आणखी थोडं रेटून घेता. मग बाजाराच्या दिवशी आई चवडा वर धरून बसते आणि तुम्ही टेप लावता.

तुम्ही गिऱ्हाइकाचं माप ते बसलेलं असताना कधी घेतलं नाही. "नीट हुबं ऱ्हावा सायेब, न्हाईतर मला बोल लावाल," असं पेशकारालाही सुनवायचात. पण माझ्या पायाचं माप मात्र दर आठवड्याला वेगळ्या ठेवणीत घेतलं गेलं, कारण दर आठवड्याला चवडा थोडा जास्त वर जात होता. मांस लांब होत होतं आणि तुमची टेप ते इमानाने सांगत होती. तीन महिन्यांत दोन सूत कमी. तुमचा चेहरा उतरत गेला. वस्ताद आले तेव्हा तुम्ही सुई खाली ठेवली नाही, मान वर केली नाही.

"पाय वाळाय लागला, वस्ताद."

"आरं पर टाच बघ की. खाली आली का न्हाई?"

"आली. पर दोन सूत कमी भरतंय."

"मांस हाय बे ते. मांजरपाट हाय व्हय, धुतल्यावर आटायला?"

"मंग टेप कावून खोटं बोलंल?"

आई आतून म्हणाली, "पोरीचा पाय हाय त्यो, पायजमा न्हाई!" पण तुम्ही ठरवलं होतं. टाचेच्या नादात सबंध पाय घालवायचा नाही, पाऊल रेटणं आजपासून बंद. वस्ताद चहा न घेता गेले. टाचेखाली तेव्हा तुमचं एक बोटही जेमतेम जात होतं. दिवाळीपर्यंत पुन्हा दोन जायला लागली.

पुढचं तुम्ही ज्या पद्धतीने केलंत ते आठवलं की मला अजून भरून येतं. चांभाराकडून डाव्या पायाची उंच टाचेची चप्पल करून घेतलीत आणि ती घालून मला भर बाजारातून तेलगावच्या रस्त्यापर्यंत स्वतः हात धरून चालवलंत. "लंगड्या पोरीला कोन करनार?" असं आत्या म्हणाली तेव्हा तुम्ही दोरा दातांनी तोडून म्हणालात, "कुनी करू ने. बीडला शाळंत घालतो." मी बीडहून रडत परत आले, पोरी चिडवतात म्हणून, तेव्हा मात्र तुम्ही रागावलात. असे माझ्यावर एकदाच रागावलात. "चिडवत्यात म्हंजी मारत्यात का? उद्या सकाळच्या गाडीनं परत जायचं." आणि सकाळी बैलगाडीत माझ्या शेजारी येऊन बसलात. टाच टेकली असती तर अकराव्या वर्षी माझं लग्न झालं असतं, हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट मानावं की नाही हे अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या आजारात तुम्ही माझा पाय मांडीवर घेऊन म्हणालात, "म्या बिघडवला ह्यो. टेपीवर इस्वास ठिवला." मी म्हणाले, असं काही नाही आबा. एवढंच म्हणाले.

काल दवाखान्यात सातेक वर्षांची एक मुलगी फळीवर पाय ठेवून ओरडली, "मेरा पाँव मर गया!" मी तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या तशी खिदळली. तिचं खोटं मला तत्क्षणी कळलं. वस्ताद यायच्या आदल्या सकाळी तुम्ही माझा पाय हातात धरून विचारलं होतं, "माय, खरं सांग. जीव हाय का ह्यात?" आणि मी म्हणाले होते, "मेल्यावानी लागतोय आबा." तसं लागत नव्हतं. नुसतं दुखत होतं, आणि बाहेर पोरी खेळायला बोलावत होत्या. मी तोवर तुमच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून तुम्ही तळव्याला हात लावून पाहिला नाही. टेप आणि मी, दोघींनी एकच साक्ष दिली. तुम्ही करणार तरी काय.

हे आईला वाचून दाखवायचं ठरवून लिहायला बसले होते. परवा ती इथे येते आहे. माझी चप्पल दाराशी दिसली की ती दर वेळी म्हणते, "तुज्या बापाच्या त्या टेपीनं घात केला बघ," आणि मी दर वेळी गप्प बसते. परवाही बसेन असं वाटतं. कागद घडी करून पुस्तकात ठेवते आहे.