चाळीसपैकी चौतीस

प्रिय खारूताई,

या दोन हातांनी मी आजवर काय काय बनवलं ते आधी लिहितो. टोकाला लाल खडू बसेल अशा खाचेचे छप्पन्न रबरी सुरे. अकरा पांढरी जाकिटं, पोटावर कापसाचे तीन थर आणि काखेत एकच, म्हणजे हात अडखळू नये. माणसाच्या उंचीचे चार पुतळे, त्यांतल्या एकाचा हात स्प्रिंगने मागे खेचला जायचा. तुझा पाळणा, धाकट्याची तीनचाकी, आणि घरातला तो सोफा, ज्याची शिवण तुझी आई अजून आल्यागेल्याला दाखवते. यातलं एकही काम मला कुणी शिकवलेलं नाही. झालं बाबांचं सुरू, असं तू म्हणशील. म्हण. ओळखीचं काहीतरी हातात असल्याशिवाय मला पत्र सुरू करता येत नाही. तू घरातून गेलीस त्याला चौदा महिने झाले.

आई बरी आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण डॉक्टरांकडे चल म्हटलं की तो आपोआप बरा होतो. मागच्या आठवड्यात तिने तुझ्या खोलीचा पडदा धुतला, हुकांत उलटा अडकवला आणि मी सांगूनही तसाच ठेवला. धाकट्याच्या खोलीत ती जात नाही. तिथला केर मीच काढतो. त्याचे बूट दाराशीच आहेत, डाव्याची नाडी सुटलेली. मी बांधलेली नाही.

ते चाचणीचं काम मला कसं मिळालं, हे तू शंभरदा ऐकलंयस. तरी एकदा लिहून ठेवू दे. प्रशिक्षण केंद्रात मी पुतळे पोचवायला गेलो होतो आणि मेजरसाहेब जवानांना सुरा हिसकावण्याचा डाव दाखवत होते. समोरचा सुरा मारायचा आणि हात तसाच पुढे धरून उभा राहायचा, जसं काही मी त्याच्या बाहीचं माप घेणार आहे. माझ्या तोंडून निघून गेलं की साहेब, तो हात तिथे थांबेल कशाला? सगळे हसले. साहेबांनी माझ्याच हातात खडू दिला. मी सोफे शिवणारा माणूस, आयुष्यात मारामारी केलेली नाही, पण त्यांनी माझं मनगट पकडेपर्यंत त्यांच्या सदऱ्यावर सात रेघा होत्या. साहेब मनाचे मोठे. केंद्राच्या प्रशिक्षण-पुस्तकातले सव्वीसच्या सव्वीस डाव तपासायला त्यांनी मलाच बोलावलं.

माझे नियम तीनच होते. सुरा धरणारा परका हवा, त्याला डाव माहीत नसावा, आणि जाकिटाला खडू लावला तर त्याला एक दिवसाची सुट्टी मिळावी, म्हणजे त्याला खरोखर मारावंसं वाटेल. एकेका डावाची चाळीस वेळा चाचणी. सव्वीसांतले एकोणीस डाव नापास झाले. लोक म्हणायचे, पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा हा गादीवाला बरा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

नववा डाव मात्र माझा होता. पुस्तकातला मूळचा नापास झाला, म्हणून मी त्यात बदल केला. आधी कोपर आत ओढायचं, मग मनगट अंगठ्याच्या बाजूने मुरगळायचं. त्याच्या चाचणीच्या दिवशी जवान सरावाला बाहेर गेले होते, आणि साहेबांची बदली झाल्यामुळे अहवाल त्याच संध्याकाळी हवा होता. माझा डावा खांदा महिन्याभरापूर्वीच निखळून बसवलेला. तू मला न्यायला गाडी घेऊन आली होतीस. मी तुझ्या हातात सुरा दिला. माझा पहिला नियम मी स्वतः मोडला, तेही साहेब बघत असताना, आणि वर म्हणालो की माझी पोरगी कुणाला ऐकणारी नाही, परक्यापेक्षा जोरात मारेल.

चाळीसपैकी चौतीस वेळा सुरा खाली पडला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकात त्या पानावर आजही छापलेलं आहे, ‘तपासलेला, चाळीसपैकी चौतीस’.

धाकटा भरती झाला तेव्हा त्याच्या उस्तादांनी हाच डाव शिकवताना सांगितलं म्हणे, की हा याच्या वडिलांचा. त्याने ते फोनवर मला तीनदा सांगितलं. पुढच्या वर्षी तो पहाऱ्यावर असताना त्या गोदामाच्या फाटकावर तो माणूस सुरा घेऊन आला, तेव्हा धाकट्याच्या मागे चार पावलांवर चौकीचं लोखंडी दार होतं, उघडं. त्याचा जोडीदार घरी येऊन गेला, तुलाही भेटला. त्याचं एकच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, की काका, तो मागे सरकलाच नाही, पुढे गेला. डॉक्टरांच्या कागदावर सात वार लिहिलेत, आणि पहिला डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला. त्याने कोपर अगदी बरोबर ओढलं होतं. मी शिकवलं तसंच.

तेराव्या दिवशी तू स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, भांड्यांकडे बघत म्हणालीस, “बाबा, मी हात ढिला सोडत होते. तुमचा खांदा दुखत होता ना.” आणि मी तुला विचारलं, “मग हे आधी का नाही सांगितलंस?” तू हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलंस, चपला घातल्यास आणि गेलीस. आईने हाक मारली ती मला ऐकू आली. मी मारली नाही.

गेल्या महिन्यात ट्रंक उघडली. सगळी जाकिटं तारखा घालून ठेवलेली आहेत, तुला माहीतच आहे. परक्या माणसांनी मारलेला खडू कापडात घासला गेलेला असतो, लांब ओढलेला, धुतला तरी न जाणारा. तुझ्या चाचणीला मी घातलेल्या जाकिटावर सहा ठिपके आहेत. बारीक, हलके. लहानपणी माझ्या शेजारी बसून तू कापडावर कातरीसाठी खुणा करायचीस तसे. आपल्या घरात वाढलेली मुलगी कापडाला खडू लावते तो असाच लावते, कापड खराब होऊ नये म्हणून.

खारूताई, हे मला ट्रंक उघडल्यावर कळलं नाही. त्याच संध्याकाळी दिसलं होतं. जाकीट काढलं, हातात धरलं, आणि एवढी वर्षं खडू वाचणाऱ्या माणसाला ते सहा ठिपके कसे दिसणार नाहीत? मी ते उलटं करून घडी घातलं. येताना गाडीत तू म्हणाली होतीस, “बाबा, उद्या एकदा दुसऱ्या कुणाबरोबर करून बघा ना.” सिग्नलला गाडी थांबली होती. मी म्हणालो, चौतीस म्हणजे चौतीस. म्हणजे तू आधी सांगितलं होतंस. स्वयंपाकघरात मी जे विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते तुलाच विचारलं. तू मला आठवण करून दिली नाहीस. तिथेही हात ढिला सोडलास.

या महिन्यात मी बाजारातल्या हमालांना पैसे देऊन पुन्हा चाचणी केली. दहा माणसं, सगळी परकी, प्रत्येकी चार वेळा. खांदा आता बरा आहे, तेव्हा ती सबब नाही. सुरा तीन वेळा पडला. सदतीस वेळा मी मेलो. त्यातल्या एका म्हाताऱ्या हमालाने शेवटी मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, मालक, तुम्ही पळत का नाही? धाकट्याला हे सांगणारं कुणी हवं होतं. मी हवा होतो.

हे सगळं मी केंद्राला लिहून दिलं. अहवालात एक वाक्य असं आहे: ‘पहिल्या चाचणीत सुरा धरणारीने त्याच दिवशी फेरचाचणी सुचवली होती, ती मी नाकारली.’ तुझं नाव घातलेलं नाही, माझं घातलं आहे. हे वाक्य उद्या छापून आलं तर ते तुला पुस्तकातून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू ये असं लिहीत नाही. तो हक्क मी भांड्यांसमोर घालवला. आईचा गुडघा तेवढा विचारत जा. केंद्राचे नवे साहेब परवा स्वतः दुकानात आले होते, तुझ्या स्टुलावर बसले. म्हणाले, एका डावासाठी सगळ्या पुस्तकावरचा विश्वास उडेल, धाकट्याची चौकशी पुन्हा उघडेल. अहवाल परत घ्या, नववा डाव नव्या आवृत्तीत आहे तसा राहू द्या, आणि मुख्य परीक्षक म्हणून पाच वर्षं या, केंद्राच्या आवारात तीन खोल्या आणि एकरकमी चोवीस लाख. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणालो. चोवीस लाख.

तुझाच, जाकीट उलटं करून ठेवणारा,
बाबा