बगळ्याच्या चित्राला चिनीमातीची बोंडं

सेतो, सप्टेंबर

चिरंजीव तात्सुओ,

ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तोयामाची थंडी तुझ्याआधी त्याला कळते, म्हणून आत्ताच विचारते. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत (म्हणजे भांडण्याइतके).

माझ्या साठीला तू स्वतः काढून पाठवलेलं बगळ्याचं चित्र मिळालं. तुझ्या दाजींनी तुझ्या चित्रातल्या बदकाला किटली म्हटल्यापासून तू आमचा उंबरा चढला नाहीस, तेव्हा त्यांच्यासमोर खोकं मी भीतभीतच उघडलं. पण बगळ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. चित्र ज्यावर गुंडाळतात त्या खालच्या दांड्याची टोकं बघून ओरडले, "प्लास्टिक! कुंभाराच्या घरात प्लास्टिकची बोंडं? तुझ्या भावाला काही लाज?" आणि तडक भट्टीकडे गेले.

जन्मभर भाताचे वाडगे घडवलेला माणूस, पण अंगठ्याएवढ्या बोंडांनी त्यांना रडवलं. पहिली जोडी भट्टीत आक्रसली, दांड्यावर बसेना. दुसरी बसली, पण भलती जड. आपल्या आईच्या वर्षश्राद्धाला (तू आला नाहीसच) मंत्र म्हणून झाल्यावर भिक्षूबुवा चित्र टांगलेल्या कोनाड्याकडे पाठ करून चहाला बसले (मानाची जागा तीच ना!) आणि खिळ्यासकट बगळा त्यांच्या टकलावर उतरला. बुवा म्हणाले, "इथे मासे नाहीत रे बाबा!" मी त्यांच्याकडे धावले. हे मात्र चित्राकडे. त्यावरून तळवा फिरवत म्हणाले, "फाटलं नाही ना गं?" मग बराच वेळ बघत राहिले. "एका पायावर उभाय, पण तोल बघ त्याचा." स्वतःच्या वाडग्यांबद्दलही असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तिसरी जोडी पोकळ केली, हलकी, पावसाळी आभाळाच्या रंगाची. हल्ली ह्यांचा हात कापतो. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून झिलई चढवत होते. मी पुढे झाले तर खेकसले. त्यानंतर भट्टी विझवली. आता पेटवणार नाही म्हणतात. शेवटचं काम तुझ्या बगळ्याचं झालं. सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसतात. "कसं वाटतं?" विचारलं तर म्हणतात, "बोंडं बरी झालीत."

तुझी ताई,
किनुए

ता. क. पितरांच्या दिवसांत ये. आईच्या समाधीवर तिघं मिळून जाऊ.

आणखी एक ता. क. हे पत्र लिहायला त्यांनीच सांगितलं. "मी सांगितलं असं लिहू नकोस," असंही बजावलंय, तेव्हा एवढं तू वाचलेलं नाहीस. स्टेशनवर घ्यायला तेच येतील. "किती उशीर!" म्हणून ओरडले, तर गाडी वेळेवर आली होती असं सांगत बसू नकोस.